एख्टरडिंगेन: धावपट्टीशेजारच्या चौतीस कबरी

सप्टेंबर २००५ मध्ये जर्मनीतील एख्टरडिंगेन गावाजवळच्या श्टुटगार्ट विमानतळाला लागून असलेल्या अमेरिकन लष्कराच्या हवाईतळावर बांधकामासाठी जमीन खोदली जात असताना मानवी अस्थी हाती लागल्या. काम थांबवण्यात आले, पोलिसांना कळवण्यात आले आणि पुढील तपासात एकूण चौतीस माणसांचे अवशेष त्या एकाच ठिकाणी असल्याचे निष्पन्न झाले. ही माणसे कोण असावीत याचा अंदाज बांधायला फार दूर जावे लागले नाही, कारण त्याच तळाच्या आवारात आजही उभ्या असलेल्या एका जुन्या हँगरमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नात्झी राजवटीने सहाशे ज्यू पुरुषांना वेठबिगारीसाठी कोंडून ठेवले होते आणि त्यांतले अनेक तिथेच मेले होते. तरीही या चौतीस जणांची कबर साठ वर्षे कोणाला दिसली नव्हती.

तीन महिन्यांत, म्हणजे १५ डिसेंबर २००५ पर्यंत, या अस्थी ज्यू धर्मविधीनुसार पुन्हा भूमीत गेल्या, आणि त्याही जिथे सापडल्या त्याच जागी. एवढ्या थोड्या काळात जो निर्णय घ्यावा लागला त्यात दोन रास्त मागण्या एकमेकींच्या आड आल्या होत्या. मृतांना त्यांचे नाव परत मिळावे ही एक मागणी होती आणि मृतांना आता कोणी हलवू नये ही दुसरी. युरोपात अशा दफनभूमी शेकड्यांनी आहेत, पण ही ओढाताण इतक्या उघडपणे आणि इतक्या लहान जागेत क्वचितच पाहायला मिळते, म्हणून या प्रकरणाचा सविस्तर विचार करावासा वाटला.

छावणी कशी उभी राहिली

श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचा सुपीक मातीचा सपाट प्रदेश आहे. टोकदार कोबीसाठी तो प्रसिद्ध आहे, आणि एख्टरडिंगेन हे तिथले गाव १९०८ सालीच जर्मनीभर माहीत झाले होते, कारण त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काउंट झेपेलिन यांचे वायूने भरलेले हवाईजहाज तिथे उतरले असताना वादळात सापडून जळून गेले होते. याच सपाट जमिनीवर १९३९ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला आणि युद्ध सुरू होताच तो हवाईदलाच्या हाती गेला. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीने धावपट्टीची चाळण झाली. ती बुजवायला, जवळच्या खाणींतून दगड काढायला आणि विमानतळ शेजारच्या महामार्गाला जोडून महामार्गाचाच धावपट्टीसारखा उपयोग करता यावा यासाठी रस्ता बांधायला माणसे हवी होती. जर्मन पुरुष आघाडीवर होते आणि परदेशांतून आणलेले मजूर पुरत नव्हते. तेव्हा हवाईदलाची आणि बांधकाम करणाऱ्या टोट संघटनेची नजर छळछावण्यांकडे वळली.

या व्यवहाराला ठरलेला दर होता. छळछावण्या चालवणारी एसएस ही नात्झी संघटना कैदी भाड्याने देत असे आणि अकुशल कैद्यामागे दिवसाला चार मार्क व कुशल कैद्यामागे सहा मार्क आकारत असे. पैसे एसएसमार्फत सरकारी तिजोरीत जात आणि कैद्याला काहीच मिळत नसे. एक मेला तर दुसरा मागवता येत असे, त्यामुळे त्याला जगवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. छळछावणी या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे बहुधा पोलंडमधली मोठी मृत्युकेंद्रे येतात. १९४४ च्या उत्तरार्धातले वास्तव मात्र असेही होते की जर्मनीतल्या साध्या गावांच्या वेशीवर, शाळेच्या आणि चर्चच्या टप्प्यात, अशा लहान लहान उपछावण्या पसरल्या होत्या.

एख्टरडिंगेनची उपछावणी कागदोपत्री आल्सेसमधील (आज फ्रान्समध्ये असलेल्या प्रांतातील) नाट्झव्हायलर या मुख्य छावणीच्या अखत्यारीत होती. वास्तविक मुख्य छावणी सप्टेंबर १९४४ मध्येच रिकामी करण्यात आली होती आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मित्रराष्ट्रांचे सैनिक तिथे पोहोचले तेव्हा त्यांना ओस पडलेल्या बराकी सापडल्या. तिचे प्रशासन मात्र ऱ्हाइन नदी ओलांडून पूर्वेला सरकले होते आणि तिथून नव्या उपछावण्या उघडत होते. सहाशे ज्यू कैदी एख्टरडिंगेनला पोहोचले ते याच आठवड्यात. बुंधा तुटल्यावरही फांद्या फुटत राहाव्यात असा हा प्रकार होता, आणि त्यामागे युद्ध हरत चाललेल्या राजवटीची मजुरांची भूक होती.

हे सहाशे जण बाल्टिक समुद्राजवळच्या श्टुटहोफ छावणीतून आणले गेले. त्यांच्यापैकी बरेच जण त्याआधी औश्विट्झमधून वाचून श्टुटहोफला पोहोचले होते. हंगेरी, पोलंड, ग्रीस, नेदरलँड्स अशा निरनिराळ्या देशांतली ही माणसे होती, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याची भाषाही अनेकांना कळत नसे. त्यांना न तापवलेल्या हँगरमध्ये ठेवले गेले. हिवाळा कडक होता, कपडे अपुरे होते आणि अन्न नावापुरते होते. थोड्याच दिवसांत टायफसची साथ आली. (हा उवांमुळे पसरणारा ताप आहे, आपल्याकडचा विषमज्वर म्हणजे टायफॉइड तो वेगळा.) दोनच महिन्यांत छावणी काम करून घेण्याच्या लायकीची राहिली नाही आणि जानेवारी १९४५ मध्ये ती बंद करण्यात आली. जे जिवंत होते त्यांना फायहिंगेन, ओर्ड्रुफ आणि बेर्गेन-बेल्झेन या छावण्यांकडे पाठवले गेले. तिथेही पुष्कळ जण दगावले.

एकशे एकोणीस मृतांचा हिशेब

एख्टरडिंगेनमध्ये दोन महिन्यांत किमान ११९ कैदी मरण पावले. त्यांच्या देहांचे काय झाले याचा माग काढला की छावणी चालवणाऱ्यांचा मृतांकडे पाहण्याचा दृष्टिकोन आपोआप उलगडतो.

सुरुवातीच्या एकोणीस जणांचे देह जवळच्या एसलिंगेन शहरातील दाहगृहात जाळण्यात आले. ज्यू धर्मात दहन निषिद्ध आहे. देह मातीतून आला आणि मातीतच अखंड परत जावा अशी श्रद्धा आहे. म्हणजे या एकोणीस जणांचे मरणानंतरचेही हक्क हिरावले गेले. पुढे मृत्यूंची संख्या वाढली तेव्हा देह सामूहिक खड्ड्यांत टाकले जाऊ लागले. त्यांतला एक खड्डा बेर्नहाउझेनच्या रानात होता. युद्ध संपल्यावर १९४५ च्या शरद ऋतूत तो उघडकीस आला, अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या हुकमावरून त्यातील सहासष्ट मृतदेह बाहेर काढण्यात आले आणि एसलिंगेनच्या एबर्सहाल्डे दफनभूमीत पुरण्यात आले. तिथे त्यांचे स्मारक आहे.

एकोणीस आणि सहासष्ट मिळून पंच्याऐंशी होतात. उरलेले चौतीस विमानतळाच्या आवारातच होते. तो भाग युद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या ताब्यात गेला, त्याभोवती कुंपण आले आणि कबरीवर लष्करी तळाचे दैनंदिन कामकाज सुरू राहिले. यात कोणाचा दुष्टपणा दाखवता येणार नाही, पण उणीव दाखवता येते. १९४५ मध्ये एक खड्डा सापडल्यावर दुसरा असू शकतो, हा प्रश्न तळाच्या जमिनीबाबत जितक्या चिकाटीने विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही. निष्काळजीपणाची अशी उदाहरणे त्या काळात इतरत्रही आहेत. बव्हेरियातील दाखाउ छळछावणीजवळच्या लायटेनबेर्ग टेकडीवर १९४९ मध्ये वाळू काढताना मानवी अस्थी वर आल्या, जगभर संताप झाला, आणि त्यानंतरच बव्हेरियातील छळछावणीच्या दफनभूमींकडे शासनाने गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. लायटेनबेर्गला चार वर्षांनी जे झाले, ते एख्टरडिंगेनला साठ वर्षांनी झाले.

२००५ च्या शरद ऋतूतील पेच

मानवी अस्थी सापडल्या की प्रथम कायदा येतो. जर्मनीत १९७९ पासून खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही, त्यामुळे साठ वर्षे जुन्या अस्थींचीही दखल तपासयंत्रणेला घ्यावीच लागते. अस्थी कोणत्या काळातल्या आहेत आणि त्या छावणीतल्या कैद्यांच्या आहेत का, एवढे ठरवणे आवश्यक होते आणि ते झाले. खरा पेच त्यानंतरचा होता. डीएनए तपासणी शक्य होती. छावणीतून वाचलेले काही वृद्ध आणि मृतांचे नातेवाईक तेव्हा हयात होते, आणि आपला भाऊ किंवा वडील या चौतीस जणांत आहेत का, हे जाणून घ्यावे असे कोणालाही वाटले तर ते स्वाभाविकच आहे. दुसऱ्या बाजूला सनातनी रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, भूमिका होती की मृतांच्या देहाची चिरफाड नको, अस्थींचे नमुने घेणे नको, आणि त्या आणखी काळ जमिनीबाहेर ठेवणे तर नकोच.

ही भूमिका केवळ हट्टाची म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. ज्यू धर्मशास्त्रात मृताचा सन्मान हा जिवंत माणसाने करता येण्याजोग्या सत्कृत्यांत श्रेष्ठ मानला जातो, कारण त्याची परतफेड मृत करू शकत नाही. कबर ही कायमची असते; ती उकरून देह दुसरीकडे नेणे मोजके अपवाद सोडता वर्ज्य आहे. त्यातही बेवारस मृताविषयी एक प्राचीन नियम आहे. ज्याला पुरायला आप्तस्वकीय नाहीत असा मृत जिथे सापडतो, ती जागा त्याच्या मालकीची होते. शेत कोणाचेही असो, त्याला तिथेच पुरायचे. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातला हा नियम एख्टरडिंगेनच्या निर्णयाशेजारी ठेवून पाहिला की चौतीस जणांना त्याच जागी परत पुरण्यामागचा अर्थ अधिक खोलवर कळतो. ज्यांच्याकडून घरदार आणि देश काढून घेतला गेला, त्यांना या नियमाने निदान साडेतीन हात जमीन मिळाली, आणि ती त्यांच्याकडून वेठीने राबवून घेतलेल्या विमानतळावरच मिळाली.

त्याच शास्त्राला ओळख पटवण्याचे वावडे नाही, हेही नमूद केले पाहिजे. नवरा बेपत्ता असलेल्या स्त्रीला पुनर्विवाह करता यावा म्हणून मृताची ओळख पटवण्यासाठी रब्बींनी शतकानुशतके बारीक विचार केला आहे. पण तिथे एका जिवंत व्यक्तीची अडचण सोडवायची असते. साठ वर्षांनंतर तशी निकड उरलेली नव्हती. उरली होती ती जाणून घेण्याची ओढ, आणि तिला शास्त्रापेक्षा मनाचा आधार अधिक होता. मी या ओढीला कमी लेखत नाही. ज्यू घरांत मृताच्या तिथीला दिवा लावून कद्दिश ही प्रार्थना म्हणतात, आणि ज्यांच्या मृत्यूची तारीखच कळली नाही अशांसाठी इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने ज्यू पंचांगातील तेवेत महिन्याची दहावी तिथी सामूहिक कद्दिशसाठी नेमून दिली आहे. ज्या समाजाला अशी सामाईक तिथी नेमावी लागली, त्यातल्या एखाद्या मुलीला आपल्या वडिलांची नेमकी जागा हवी असेल, तर तिची मागणी लहान नाही.

हाच वाद याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर बेर्गेन-बेल्झेन येथे होऊन गेला होता. त्या छावणीत पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली आणि ब्रिटिश सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये ती मुक्त केल्यावर हजारो मृतदेह सामूहिक कबरींत पुरले. फ्रान्स सरकारला आपल्या हद्दपार केलेल्या नागरिकांचे देह शोधून मायदेशी न्यायचे होते आणि १९५४ च्या फ्रान्स-जर्मनी कराराचा त्याला आधार होता. जर्मनीत इतरत्र फ्रेंच शोधपथकांनी अशी असंख्य थडगी उघडलीही होती. बेल्झेनच्या कबरी उघडण्याचा प्रस्ताव १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला तेव्हा तिथून वाचलेल्या ज्यूंचे नेते योझेफ रोझेनझाफ्ट यांनी त्याला कडाडून विरोध केला. एका फ्रेंच देशभक्ताचा देह शोधण्यासाठी शेकडो इतरांच्या अस्थी विस्कटाव्या लागतील, आणि त्या इतरांच्या वतीने बोलायला कोणी उरलेले नाही, हा त्यांचा मुद्दा होता. प्रकरण लवादापुढे गेले आणि १९६९ मध्ये कबरी उघडू नयेत असा निकाल लागला.

एख्टरडिंगेनला खड्डा आधीच अनवधानाने उघडला गेला होता, हा यातला मोठा फरक. म्हणून इथे कोणी असे म्हणू शकत होते की अस्थी वर आल्याच आहेत तर एक नमुना घ्यायला काय हरकत आहे. मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही, आणि त्याचे कारण धार्मिक नाही. नातेवाईक शोधत असलेला माणूस या चौतीस जणांत असेल किंवा एसलिंगेनच्या सहासष्ट जणांत असेल, किंवा ज्यांची राख झाली त्या एकोणीस जणांत असेल. चौतीस जणांच्या तपासणीत तो सापडला नाही तर पुढची मागणी एसलिंगेनची कबर उघडण्याची आली असती, आणि तिला नकार द्यायला तर्कशुद्ध कारण उरले नसते. शिवाय जुळवणीसाठी जवळचे नातेवाईक हवेत. ज्या घरांतले आई-वडील, भावंडे आणि मुले सगळीच मारली गेली त्यांच्या मृताशी जुळवून पाहायला कोणीच नाही. म्हणजे तपासणीनंतर काही थडग्यांवर नावे आली असती आणि ज्यांचे सर्वस्व गेले त्यांचीच थडगी कोरी राहिली असती. सहाशे जणांना एकाच हँगरमध्ये कोंडले गेले होते. मेल्यावर त्यांच्यात ज्याचे कोणी आहे आणि ज्याचे कोणी नाही असा भेद पडावा, हे मला मान्य होत नाही.

अखेर ओळख पटवण्याची तपासणी पुढे नेण्यात आली नाही. चौतीस जणांसाठी सापडल्या ठिकाणीच दफनभूमी तयार झाली आणि डिसेंबरच्या थंडीत धर्मविधीने दफन झाले. अलिबागजवळच्या नवगावची आठवण इथे मराठी वाचकाला झाल्याशिवाय राहणार नाही. गलबत फुटल्यावर किनाऱ्याला लागलेले पूर्वजांचे मृतदेह तिथे पुरले गेले अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. त्यांतल्या एकाचेही नाव आज कोणाला माहीत नाही, पण समाजाने ती जागा सोडली नाही आणि तिथे स्मारकस्तंभ उभारला. कोकणातल्या मराठी ज्यूंना नाव नसलेल्या कबरीचा मान राखणे म्हणजे काय, हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

नावे कागदावरून

नावांचा प्रश्न जमिनीतून सुटला नाही, पण कागदांतून पुष्कळसा सुटला, आणि मला हा या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. नाट्झव्हायलरच्या कार्यालयाने प्रत्येक कैद्याला क्रमांक देऊन त्याची नोंद नावासह क्रमांकवहीत केली होती. माणसाचा क्रमांक करण्यासाठी लिहिलेल्या या वह्या आता उलट्या दिशेने वाचता येतात. विमानतळ ज्यांच्या हद्दीत येतो त्या लाइनफेल्डेन-एख्टरडिंगेन आणि फिल्डरश्टाट या दोन शहरांच्या अभिलेखपालांनी आणि इतिहासकारांनी हे काम हाती घेतले. छावणीच्या सहाशे कैद्यांचा शोध घेऊन त्यांच्या प्रवासाचा वृत्तांत २००८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. बाट आरोल्झेन येथील आंतरराष्ट्रीय शोधसेवेचा कोट्यवधी कागदांचा संग्रह २००७ च्या अखेरीस संशोधकांना खुला झाला, हेही अशा कामांना त्या काळात साहाय्यभूत ठरले.

आता परिस्थिती अशी आहे की सहाशे नावांची यादी आहे, कबरींची ठिकाणे माहीत आहेत, पण कोणते नाव कोणत्या कबरीचे हे सांगता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे अपुरे वाटेल. पण ही अपूर्णता प्रामाणिक आहे. एखाद्या दगडावर अंदाजाने नाव कोरण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

कुंपणाआडची दफनभूमी

निर्णयाशी मी सहमत असलो तरी त्याची एक किंमत आहे आणि ती जिवंतांनाच मोजावी लागते. ही दफनभूमी लष्करी तळाच्या आत आहे. मनात आले म्हणून तिथे जाता येत नाही. आधी व्यवस्था करावी लागते, फाटकावर ओळख पटवून द्यावी लागते. कबरीवर फूल न ठेवता लहानसा दगड ठेवण्याची ज्यू रीत आहे, कोणी तरी येऊन गेले याची ती खूण असते. जिथे येणेच कठीण तिथे असे दगड थोडेच जमणार. मृताला त्याच्या जागेवरून हलवू नये हा नियम पाळताना ती जागा पोहोचण्याजोगी करणे ही जबाबदारी आपोआप येते, आणि ती निर्णयाच्या दिवशी संपत नाही.

या अडचणीवर काढलेला मार्ग मला विचारपूर्वक वाटतो. दोन्ही शहरांनी मिळून एक संयुक्त प्रतिष्ठान स्थापन केले आणि जून २०१० मध्ये हवाईतळाच्या बाहेर, कोणालाही कधीही येता येईल अशा जागी, कलावंत डाग्मार पाख्टनर यांनी साकारलेले स्मृतिस्थळ खुले झाले. म्हणजे स्मारक बाहेर आणि कबरी आत अशी विभागणी झाली. हँगरही आतच आहे आणि तो वापरात आहे. ज्या वास्तूत माणसे थंडीने आणि तापाने मेली तिच्यात आजही विमाने ठेवली जावीत हे अनेकांना खटकते, मलाही खटकते; तरी ती पाडली गेली नाही याचे समाधान अधिक आहे, कारण अशा उपछावण्यांच्या बहुतेक इमारती जागेवर राहिलेल्या नाहीत.

कायद्याची बाजू तुलनेने भक्कम आहे. जर्मनीत सामान्य थडग्याची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपल्यावर ती दुसऱ्याला दिली जाऊ शकते. ज्यू परंपरेला हे मुळातच अमान्य आहे. १९६५ च्या कबरविषयक संघराज्य कायद्याने मात्र युद्धात मेलेल्यांबरोबर नात्झी अत्याचारांच्या बळींच्या कबरींनाही कायमच्या विश्रांतीचा हक्क दिला आहे आणि त्यांच्या देखभालीचा खर्च शासनाकडे आहे. त्यामुळे जमिनीचा ताबा उद्या कोणाकडेही गेला, अमेरिकन लष्कराने तळ सोडला किंवा विमानतळाला आणखी जागा लागली, तरी या चौतीस कबरींना हात लावता येणार नाही. कायद्याने मृतांची जागा राखली आहे. तिथवर जाण्याची वाट मात्र तळाच्या प्रशासनाच्या परवानगीवर अवलंबून आहे, आणि जमिनीचा ताबा बदलेल त्या दिवशी दोन्ही शहरांनी सर्वांत आधी मागायची गोष्ट म्हणजे फाटकापासून कबरींपर्यंतची, कोणालाही न विचारता चालत जाता येईल अशी पायवाट.